पुस्तक हाती देणारा माणूस

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाला मानाचे स्थान मिळते, प्रकाशकाचाही उल्लेख होतो. ग्रंथविक्रेता मात्र बहुधा उपेक्षितच राहतो. वस्तुतः वर्षभरात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांपैकी कोणते पुस्तक कोणत्या वाचकाच्या हाती द्यावे, हे जाणत्या विक्रेत्याइतके क्वचितच कुणाला कळते. तो पुस्तके स्वतः चाळतो, गिऱ्हाइकाची आवड ओळखतो आणि पुस्तक नेलेला वाचक परत येऊन काय सांगतो, तेही ध्यानात ठेवतो. म्हणूनच अशा विक्रेत्याने वर्षाअखेरीस आवडीने सुचवलेली चार पुस्तके कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतात.

या संदर्भात केशवराव कोठावळे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मुंबईतील ज्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला, त्याचेच नाव गिरगावातील 'मॅजेस्टिक बुक स्टॉल'ला लाभले. पदपथावर पुस्तके विकण्यापासून प्रारंभ केलेल्या कोठावळ्यांनी हे दुकान नावारूपाला आणले आणि १९६४ साली 'ललित' हे केवळ ग्रंथविषयक मजकुराला वाहिलेले मासिक सुरू केले. विक्रेत्याने काढलेले मासिक स्वतःच्या मालाची सूची होऊन बसण्याचा धोका असतो. 'ललित'ने तो टाळला. इतर प्रकाशकांच्या पुस्तकांनाही तेथे जागा मिळाली. जयवंत दळवींनी 'ठणठणपाळ' या नावाने भल्याभल्या साहित्यिकांची थट्टा केली, तीही याच मासिकात. 'चोखंदळ वाचकांची निवड' या सदरातून तर वाचकांनाच त्यांची आवडती पुस्तके विचारली गेली. दुकानाच्या फळीवर होणारा संवाद कोठावळ्यांनी अशा रीतीने सर्वदूरच्या वाचकांपर्यंत नेला. १९८३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे ग्रंथपारितोषिक आजही त्यांच्या या कार्याचे स्मरण करून देते.

आता आपल्या इंदूरकडे वळू. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या नगरीत १९१७, १९३५ आणि २००१ असे तीन वेळा भरले. राजेंद्र नगरात तर आजही मराठी सण-समारंभ हौसेने साजरे होतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपल्यालाही अभिमान वाटला. परंतु बालरोगतज्ज्ञ म्हणून मुलांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. घरात आजीशी मराठी बोलणारे मूल वाचायला मात्र हिंदी किंवा इंग्रजी पुस्तकच उचलते. घरातील मराठी पुस्तके आजोबांच्या कपाटात असतात आणि ती आजोबांच्याच वयाची असतात.

यात मुलांचा दोष नाही. उलट, आपल्या मुलांना एक सवलत आहे, जी परदेशस्थ मराठी मुलांना नाही. शाळेत हिंदी शिकताना देवनागरी लिपी त्यांना आपसूक येते. 'ळ' ओळखीचा करून द्यावा लागतो. 'च', 'ज', 'झ' यांचे दोन उच्चार कानावर पडावे लागतात. एवढे झाले की मराठी पुस्तक त्यांना खुले होते. अडते ते योग्य पुस्तक वेळेवर हाती देणाऱ्या माणसाअभावी. आज संगणकाची कळ दाबली की पुस्तक घरपोच येते, पण मागवायचे कोणते हा प्रश्न शिल्लकच राहतो. सर्वाधिक खपाची यादी पडद्यावर दिसते; आपल्या सात वर्षांच्या नातीला काय रुचेल, ते मात्र तीत लिहिलेले नसते.

हे काम आपण डॉक्टर करू शकतो. बोस्टन शहरातील एका रुग्णालयात १९८९ साली 'रीच आउट अँड रीड' हा उपक्रम सुरू झाला. बाळाला नियमित तपासणीसाठी आणले की डॉक्टर त्याच्या वयाचे एक पुस्तक त्याच्या हाती देतात आणि ते मोठ्याने कसे वाचून दाखवावे, हे आईवडिलांना सांगतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१४ साली जन्मापासूनच मुलांना वाचून दाखवण्याची शिफारस केली. बाळ मांडीवर बसून ऐकते, चित्रावर बोट ठेवते, मोठी माणसे त्याला उत्तर देतात. त्यातून त्याचा शब्दसंग्रह वाढतो आणि जिव्हाळाही.

वय आणि वजन पाहून आपण औषधाची मात्रा ठरवतो. पुस्तकाच्या बाबतीतही वयाचा विचार हवा. माझ्यापुरती निवड सांगतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही पुस्तके. छोटी राधा तीत आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी दिलीप प्रभावळकरांचा खोडकर पण मनाचा चांगला 'बोक्या सातबंडे'. त्याहून मोठ्यांसाठी अनिल अवचटांचे 'सृष्टीत... गोष्टीत'. या पुस्तकाला २०१० साली हाच पुरस्कार मिळाला. अवचट हे आपल्याच वैद्यक शाखेचे पदवीधर, ही आपल्यासाठी विशेष आनंदाची बाब.

ही यादी पुरेशी आहे असा माझा मुळीच दावा नाही. तीत भर पडावी, यासाठीच ती येथे दिली आहे. आपल्या संस्थेच्या प्रत्येक सभासदाने दर गुढीपाडव्याला एकच मराठी पुस्तक सुचवावे. ते आपण स्वतः वाचलेले असावे आणि ते कोणत्या वयासाठी आहे, हेही नमूद करावे. ती एकत्रित यादी आपापल्या दवाखान्यातील प्रतीक्षाकक्षात लावावी आणि शक्य तर त्यातील दोन-तीन पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशी बाकावर ठेवावी. ती फाटतील, हरवतील, एखादे कुणी घरीही नेईल. घरी नेलेल्या पुस्तकाचे दुःख मानू नये. त्याच्या जागी दुसरे ठेवावे.