उंची रिसॉर्टचं लँडिंग पेज: आधी बोर्डी दिसू दे, मग पूल

डहाणू-बोर्डीतल्या उंची रिसॉर्टचं लँडिंग पेज करताना पहिल्याच फोटोत निळा स्विमिंग पूल टाकायचा मोह होतो. पण तसा पूल लोणावळ्यातही आहे. पाहुण्याने इथेच का यावं, हे त्यातून कळत नाही. इथलं वैभव वेगळं आहे: 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू, ओहोटीला दूरवर उघडा पडणारा किनारा, सुरूची झाडं, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेली वारली चित्रं. 1991मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला आणि उद्योगांवर बंधनं आली. या शांततेमागचं हे कारणही पेजवर एका ओळीत यायला हवं.

दर उघड लिहिला की रुबाब जातो, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. जास्त पैसे मोजणाऱ्यालाच अनिश्चितता जास्त खटकते. म्हणून फोटोखाली लगेच दर, त्यात काय काय येतं, घोलवड स्टेशनवरून नेण्याची सोय आणि बुकिंगचं एकच बटण द्या. फोटो हलके ठेवा, म्हणजे मोबाइलवर पेज पटकन उघडेल. वारली चित्र हवं असेल तर इथल्याच चित्रकाराकडून काढून घ्या, योग्य मोबदला द्या आणि त्याचं नाव ठळक छापा.