खेळणे कपाटात, मूल खळ्यात

मे महिना लागला की मुंबईचा चाकरमानी बायकामुलांसह कोकणची वाट धरतो. 1998 साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून ही वाट पुष्कळ सुकर झाली आहे. गावी पोचल्यावर पहिल्या दिवशी शहरातून आणलेली, सेलवर चालणारी मोटार मोठ्या कौतुकाने पिशवीबाहेर निघते. दुसऱ्या दिवशी ती कोठे पडली आहे याची कोणाला शुद्धही नसते. पोफळीच्या गळलेल्या झावळीच्या रुंद बुंध्यावर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने झावळी धरून त्याला खळ्यातून ओढायचे, यात सारी सकाळ सरते. माडाच्या पातीचे भिरभिरे होते. दोन करवंट्या सुतळीला बांधल्या की वाण्याचे दुकान उभे राहते आणि वाळूचा भाव ठरविण्यावरून भांडणही जुंपते.

घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त महाविद्यालयात शिकविताना फळांचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. सेलवरची मोटार हे त्याहून नेमके उदाहरण ठरेल. ती एकच गोष्ट करते, तीही स्वतःच. मुलाच्या वाट्याला येते ते केवळ पाहणे. करवंटी आज तराजू असते, उद्या पातेले आणि परवा होडी. तिच्यात मुलाला स्वतःची भर घालावी लागते आणि आनंद असतो तो त्या भरीत. ताराबाई मोडक यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे 1945 साली त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने दूर ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने अशा आसपासच्या वस्तूंतूनच मुलांना शिकविले.

सुट्टी संपत आली की हेच कुटुंब सावंतवाडीच्या बाजारात जाते. तेथील चितारआळीत लाकडी खेळणी मांडलेली असतात: पोळपाट-लाटणे, भोवरे, बाहुल्या आणि खऱ्याचा भास व्हावा अशी रंगविलेली आंबा, केळी, काजूची फळे. पांगाऱ्याचे हलके लाकूड यासाठी पूर्वापार वापरले जाते. फळांची परडी आई-वडिलांना आवडते, ती विकत घेतली जाते आणि मुंबईला पोचताच काचेच्या कपाटात जाते. 'हात लावू नकोस, रंग जाईल' हे वाक्य त्या परडीबरोबरच घरात येते. खेळणे ज्याच्यासाठी म्हणून घेतले, त्याला ते काचेबाहेरून पाहावे लागते. सेलच्या मोटारीने जे केले, तेच येथे वडीलधाऱ्यांनी केले.

याची अर्थशास्त्रीय बाजूही पाहण्याजोगी आहे. प्लॅस्टिकच्या खेळण्याचा साचा एकदा केला की त्याचा खर्च लाखो नगांवर विभागला जातो. लाकडी आंब्याचे तसे नाही. हजारावा आंबा कोरण्या-रंगविण्यास पहिल्याइतकेच हात राबवावे लागतात. परदेशी खेळण्यांवरील आयातशुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले, 2023 साली ते 70 टक्क्यांवर गेले. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना गुणवत्तेची सक्ती लागू झाली आणि तीतून नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट मिळाली. हे उपाय अनाठायी नाहीत. परंतु साचा देशी झाला म्हणून त्याचे गणित बदलत नाही. चितारआळीची स्पर्धा आहे ती साच्याशी.

त्यात काचेचे कपाट हा या धंद्याचा ग्राहक होऊन बसला आहे. शोभेची वस्तू म्हणून परडीला बरी किंमत येते, कारागिराचे चार दिवस निघतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कपाटातला आंबा झिजत नाही, हरवत नाही, मोडत नाही. मग दुसरा घ्यायचा कशाला? एका घराची मागणी एका खरेदीत आटोपते. याउलट भोवऱ्याची आर बोथट होते, लाटणे पलंगाखाली जाते, पोळपाटाचा रंग खरोखरीच पाणी ओतून कणीक मळल्यामुळे उडतो, आणि पुढच्या मे महिन्यात मूलच आई-वडिलांचा हात धरून त्यांना चितारआळीकडे ओढू लागते.