पटावरून न गेलेली नावे

संगणकावर आज्ञावली चालू झाली, की तिला ‘प्रक्रिया’ म्हणतात. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिच्यात नवी प्रक्रिया चालू प्रक्रियेतूनच जन्मते. पहिली जनक, दुसरी अपत्य.

हा जन्म ‘फोर्क’ या आज्ञेने होतो. फोर्क म्हणजे रस्त्याला फुटलेला फाटा. गंमत अशी, की आज्ञा देतो एक आणि उत्तर मिळते दोघांना! अपत्य ही जनकाची जवळजवळ हुबेहूब प्रत. मग आपण कोण, हे दोघांनी ओळखायचे कसे? अपत्याला उत्तर मिळते ०. जनकाला मिळतो अपत्याचा क्रमांक. अपत्याला जनक एकच, त्याचा क्रमांक ते केव्हाही विचारू शकते. जनकाची अपत्ये मात्र अनेक असू शकतात, म्हणून क्रमांक त्याला सांगावा लागतो.

काम संपले, की अपत्य एक आकडा मागे ठेवते. ० म्हणजे काम ठीक झाले. दुसरा आकडा म्हणजे काही बिघडले, असा संकेत आहे. हा निरोप जनकाने ‘वेट’ या आज्ञेने घ्यायचा असतो. तोपर्यंत प्रणाली अपत्याची स्मृतीतील जागा मोकळी करते, पण पटावरचे नाव खोडत नाही. खोडले तर निरोप ठेवणार कोठे? अशा मृत प्रक्रियेला ‘झॉम्बी’ म्हणतात. (आपल्या कुस्तीतल्या झोंबीशी तिचा संबंध नाही!)

एखादी झॉम्बी निरुपद्रवी असते. पण समजा, रात्रंदिवस चालणारा जनक दर मिनिटाला एक अपत्य जन्माला घालतो आणि निरोप कधीच घेत नाही. दिवसाला १,४४० नावे साचतील. पटावर ३२,७६८ क्रमांकांची सोय असेल, तर तेविसाव्या दिवशी पट भरेल. मग फोर्कला उत्तर येईल उणे १, म्हणजे जन्म नाकारला. झॉम्बीला ठार करावे म्हटले, तर मेलेल्याला मारणार कसे?

उपाय निराळाच आहे. जनकच आधी संपला, तर अपत्ये अनाथ होतात आणि सामान्यतः क्रमांक १ ची प्रक्रिया, जुन्या प्रणालीतील ‘इनिट’, त्यांना दत्तक घेते. ती निरोप घेण्यात कधी चुकत नाही. म्हणून निष्काळजी जनकालाच बंद करावे, की साचलेली नावे भराभर पुसली जातात. युनिक्समध्ये उपेक्षित अपत्यापेक्षा अनाथ अपत्य सुखी!

शाळेच्या संगणकावर लिनक्स असेल, तर ‘पीएस’ आज्ञेने प्रक्रियांची सविस्तर यादी मागवा. स्थितीच्या रकान्यात ‘झेड’ दिसला, तर त्याच ओळीत जनकाचा क्रमांकही सापडेल.