पिकाचा आकडा कोठून येतो? : दोन मराठी शास्त्रज्ञांची शिकवण

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो, पण ती परीक्षा करणारी गृहिणी काय करते याकडे आपले लक्ष जात नाही. भांड्यातील भात ती आधी खालवर करते आणि मगच एखादे शीत चिमटीत घेते. वरवरचेच शीत पाहिले तर भात कच्चा वाटावयाचा, तळचेच पाहिले तर शिजला असा भ्रम व्हावयाचा. शेतीच्या शास्त्रात आकड्यांचा जो भाग आहे, त्याचे सार एवढ्यातच आले. तथापि हे साधे सार सरकारी दप्तरात उतरावयास पुष्कळ वर्षे लागली, आणि ते काम ज्यांनी केले त्यांत दोन मराठी माणसे अग्रभागी होती. त्यांची हकीकत शेतकरी बंधूंपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. आज पीक विम्याची रक्कम याच शास्त्रावर ठरत असल्यामुळे हा विषय केवळ पंडितांचा राहिलेला नाही.

प्रथम आमचीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमचा सारा जन्म महसूल खात्याच्या कारकुनीत गेला. आणेवारीचे, म्हणजे अलीकडच्या भाषेत पैसेवारीचे, तक्ते स्वच्छ अक्षरांत उतरून काढणे हे आमच्याकडील कामांपैकी एक. पन्नास पैशांच्या खाली गाव गेले की जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीस स्थगिती, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी इत्यादी सवलती मिळत. पन्नासच्या वर राहिले की काही नाही. एका डिसेंबरात नदीकाठच्या एका गावाचा आकडा कच्च्या तक्त्यात सत्तेचाळीस होता. भोवतालची गावे पन्नासच्या वर आहेत, तेव्हा हेही तेथेच बसवावे, असे तोंडी सांगणे आले, आणि आम्ही बावन्न लिहिले. पुढे त्या गावचा एक वृद्ध कास्तकार कचेरीत आला व शांतपणे म्हणाला, “साहेब, आकडा तं आला, पन आमच्या वावरात पाहाले आलं कोन होतं?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. सत्तेचाळीस हा आकडाही कोणी मोजून काढला नव्हता, तोही नजरेचाच होता, एवढे समाधान आम्ही त्या वेळी मानून घेतले. ते समाधान खोटे होते हे पुढे हा विषय वाचू लागल्यावर ध्यानात आले.

आणेवारीची जुनी रीत अशी की, चांगल्या वर्षाचे पीक सोळा आणे धरावयाचे आणि चालू वर्षाचे पीक त्याच्या किती आणे आहे हे नजरेने ठरवावयाचे. यात दोन खोडी आहेत. चांगले वर्ष कोणते हे ज्याचे त्याचे मत, आणि नजर ही कधीच तटस्थ नसते. सरकारच्या नोकरास सारा बुडू नये असे वाटते, व्यापाऱ्यास पीक उदंड आहे असे सांगितलेले बरे वाटते, आणि कास्तकारास सूट हवी असते. प्रत्येकजण आकड्यास आपल्याकडे ओढतो. त्यात कोणी लबाड असलाच पाहिजे असे नाही, मनुष्यस्वभावच तसा आहे.

या ओढाताणीवर उपाय म्हणून जी पद्धत पुढे आली ती नमुना-कापणीची. बिहार-ओरिसात हबक नावाच्या एका इंग्रज सनदी अधिकाऱ्याने 1920 नंतर भाताच्या बाबतीत ती प्रथम चालवून पाहिली. पुढे तिला देशभर शास्त्रशुद्ध रूप देण्याचे श्रेय मुख्यत्वे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे व डॉ. पानसे यांच्याकडे जाते. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, जन्म 1911 चा. पुण्यास शिकून ते लंडनला गेले, संख्याशास्त्रात पारंगत होऊन परतले आणि 1940 च्या सुमारास दिल्लीच्या कृषि संशोधन परिषदेत रुजू झाले. पानसे हे इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत कापसावर काम करीत होते. आपला वर्धा जिल्हा तेव्हा ज्या मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे, त्याच प्रांतात 1940 नंतरच्या दशकात पानसे यांनी डॉ. कळमकर यांच्या साहाय्याने कापसाच्या उताऱ्याची नमुना-मोजणी करून दाखविली.

पद्धत अशी. गाव चिठ्ठी टाकून काढावयाचे, शेतही चिठ्ठीने, आणि शेतातील चौकोनाची जागादेखील चिठ्ठीने आलेल्या पावलांवर. चांगला तुकडा पाहून तेथे खुंटी ठोकावयाची नाही, वाईटही पाहावयाचा नाही. ज्याची त्याची ओढ येथे खुंटते, कारण चिठ्ठीस ना सरकार ठाऊक ना सावकार. गृहिणीने भात खालवर करावा तसेच हे आहे. एकाच शेतात दहा चौकोन कापण्यापेक्षा दहा गावांत एकेक कापलेला बरा, हेही या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. एका शेतातील तासातासांत जेवढा फरक असतो, त्याहून गावागावांतला फरक मोठा असतो.

चौकोन केवढा असावा यावर मोठा वाद झाला. कलकत्त्याचे प्रख्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस हे लहान वर्तुळाकार तुकडे आणि खास शिकविलेले मोजणीदार यांचे पुरस्कर्ते होते. सुखात्मे यांचे म्हणणे असे की तुकडा मोठा घ्यावा, आणि काम महसूल व शेतकी खात्याच्या नेहमीच्या नोकरांकडूनच करवून घ्यावे, म्हणजे ते दरसाल चालेल. लहान तुकड्याने आकडा फुगतो हे त्यांनी प्रत्यक्ष कापण्या करून दाखविले व 1946 साली ‘नेचर’ या विलायती नियतकालिकात छापून मांडले.

आकडा का फुगतो हे वाचकांनी स्वतःच करून पाहावे. एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा तुकडा घ्या. दोरीवर आलेले झाड आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात सहज आत धरण्याकडे जातो. अशाने चारही बाजूंस दोरी केवळ पाच सेंटिमीटर सरकली, तर तुकडा एक मीटर दहा सेंटिमीटरचा होतो आणि क्षेत्र शेकडा एकवीस वाढते. तीच चूक दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद चौकोनात झाली तर वाढ शेकडा तीनच होते. चूक तीच, परंतु परिणामात सात पटींचे अंतर. शिवाय पुष्कळ कापण्या केल्या म्हणून ही चूक नाहीशी होत नाही. कधी कमी कधी जास्त अशा चुका एकमेकींना खाऊन टाकतात, पण एकाच बाजूस झुकणारी चूक हजार कापण्यांतही तशीच राहते. आमचे ‘बावन्न’ याच जातीचे होते.

आता पैशाची गोष्ट. हे सारे संशोधन कोणाच्या खर्चाने झाले? मध्यवर्ती कापूस समिती 1921 साली स्थापन झाली, आणि 1923 च्या कायद्याने कापसाच्या प्रत्येक गाठीमागे पट्टी बसून तिचा खर्च त्यातून चालू लागला. इंदूरची संस्थाही या समितीच्या पैशावर उभी राहिली. 1940 साली निर्यात होणाऱ्या शेतमालावर पट्टी बसवून कृषि संशोधन परिषदेची तरतूद झाली. पट्टी गिरणीवाला वा निर्यातदार भरी हे खरे, परंतु भाव ठरविताना तो ती विसरत नसे. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील बाजारांत गाडी रिकामी करणाऱ्या कास्तकाराने नकळत या शास्त्राचा खर्च उचलला आहे. ती समिती 1966 मध्ये संपली. आज संशोधन सरकारी तिजोरीतून चालते. परंतु तत्त्व बदलत नाही. ज्याने पैसा दिला त्यास उत्तर समजेल अशा भाषेत मिळाले पाहिजे. पानसे व सुखात्मे यांनी 1954 साली शेतकी कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राचे जे पुस्तक लिहिले, ते गणित्यांकरिता नव्हते, प्रक्षेत्रावर प्रयोग करणाऱ्यांकरिता होते. यातच त्यांची दृष्टी दिसते.

सुखात्मे पुढे 1951 पासून जवळजवळ वीस वर्षे रोमच्या जागतिक अन्न व शेती संघटनेत होते, आणि दिल्लीतील त्यांच्या जागी पानसे आले. निवृत्तीनंतर पुण्यास येऊन सुखात्मे यांनी दुसरा वाद ओढवून घेतला. प्रा. वि. म. दांडेकर व डॉ. नीलकंठ रथ यांनी 1971 साली आहारातील उष्मांकांवरून दारिद्र्याची रेषा आखली होती. सुखात्मे म्हणाले की सरासरी गरज ही प्रत्येक माणसाची किमान गरज नव्हे. माणसामाणसांत, आणि एकाच माणसात दिवसादिवसांतही, फरक असतो. अशा बोलण्याने भुकेल्यांची संख्या कागदावर घटेल व सरकारास निमित्त मिळेल, असा विरोधकांचा आक्षेप होता, आणि तो क्षुल्लक नव्हता. कोणाची बाजू खरी हे ठरविणे आमच्या अधिकारातले नाही. आम्हांस घ्यावयाचे ते एवढेच की दोन्ही बाजूंनी आपले तक्ते, आपली रीत व आपली गृहीते उघड्यावर ठेवून भांडण केले. संशोधनाचा आचार म्हणतात तो हाच.

सरासरीचा हा प्रश्न आज आपल्याही धुऱ्यावर आला आहे. 2016 च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कापणी-प्रयोगांवरून महसूल मंडळाची सरासरी काढतात, आणि मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांवरून ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाशी ती ताडून पाहतात. समजा, सोयाबीनचा चौकोन दहा मीटर गुणिले पाच मीटर आहे, म्हणजे पन्नास चौरस मीटर. हेक्टरमागे उत्पन्न काढण्यास त्याच्या वजनास दोनशेने गुणावे लागते. चौकोनात एक किलो जास्त भरले की कागदावर हेक्टरी दोन क्विंटल वाढले! ओल्या शेंगांचे वजन सुकविल्याशिवाय धरले, अगर दोरी सैल राहिली, तर एका मंडळाचे भाग्य पालटते. कापसात तर वेचण्या अनेक. आखलेल्या चौकोनाचा कापूस प्रत्येक वेचणीस वेगळा तोलला नाही, तर सारा प्रयोग व्यर्थ. आणि मंडळाची सरासरी बरी निघाली म्हणजे ज्याचे एकट्याचे वावर खरडून गेले त्याचा आक्रोश तीत बुडून जातो, हा दोष कापणाऱ्याचा नसून सरासरीच्या स्वभावाचा आहे. हेही शेतकऱ्यास स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

यास्तव आमची सभासदांस नम्र सूचना अशी. आपल्या मंडळात कापणी-प्रयोग होईल त्या दिवशी शेतमालकाबरोबर गावातील दोघांनी तरी तेथे उभे राहावे. चौकोनाची जागा चिठ्ठीनेच निघाली काय, दोरी ताठ होती काय, वजन ओले की सुके, एवढेच पाहावे. कापणाऱ्याच्या हातास हात लावू नये, आणि कमी भरावे म्हणून त्याची मनधरणीही करू नये. आपण आज आकड्यास आपल्याकडे ओढले तर उद्या दुसरा त्याच्याकडे ओढील, आणि मग आपल्या तक्रारीस जोर राहणार नाही. मंडळाचा निकाल लागला म्हणजे नुसती सरासरी न मागता, प्रयोग किती झाले, कोणत्या गावी झाले, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त वजन किती भरले, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून मागावे. ही मागणी नेटाने धरण्याचे काम आपल्या संस्थेने पत्करावे.

त्या वृद्ध कास्तकाराच्या प्रश्नास आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. यापुढे जो कोणी कारकून तक्ता लिहावयास बसेल, त्यास तरी त्याचे उत्तर लेखी देता यावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.