गिअर टाकताच नौकेचे इंजिन बंद का पडते?

पश्चिम किनाऱ्यावर दर वर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या काळात पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा आदी कोळीवाड्यांतील नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. हंगाम सुरू झाला की पहिल्या एक-दोन फेऱ्यांत एक तक्रार हमखास कानी येते. इंजिन सुरू होते, न्यूट्रलमध्ये व्यवस्थित चालते. परंतु गिअर टाकला की लगेच बंद पडते.

धक्क्याजवळ हे घडल्यास केवळ खोळंबा होतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या ओढीत किंवा खडकांजवळ जाळे ओढताना घडल्यास मात्र नौका लाटांना आडवी होते आणि प्रसंग जिवावर बेततो. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांचा कर्ता माणूस त्या नौकेवर असतो. म्हणून या बिघाडामागील कारणे समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

न्यूट्रलमध्ये इंजिनास केवळ स्वतःला फिरवायचे असते. गिअर टाकताच शाफ्ट आणि पंखा यांचा भार त्याच्यावर येतो. डिझेल इंजिनातील गव्हर्नर हा भार ओळखून तत्काळ अधिक इंधन सोडतो आणि इंजिन सावरते. इंजिन सावरले नाही, तर दोनच शक्यता उरतात : एक तर भार नेहमीपेक्षा जास्त झाला आहे, किंवा इंजिनाची शक्ती कमी पडत आहे. यांपैकी नेमके काय घडले आहे, हे आधी ठरवावे. स्क्रू आणि पाने नंतर हाती घ्यावेत.

पुष्कळ जण यावर सोपा उपाय करतात. मंद गतीचा स्क्रू पिळून ते इंजिनाचे फेरे वाढवतात. इंजिन बंद पडत नाही, म्हणून दुरुस्ती झाली असे समजले जाते. वास्तविक मूळ दोष तसाच राहतो आणि वाढलेल्या गतीवर गिअर टाकल्याने क्लचला व गिअरबॉक्सला दर वेळी हिसका बसतो. फेरे आधी मोजावेत. ते निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्यापेक्षा खरोखरच कमी असतील, तरच स्क्रूला हात लावावा.

इंजिन कसे बंद पडते, यावरून पहिला अंदाज येतो. गिअर टाकताच धक्का बसून ते एकदम थांबले, तर पंखा, शाफ्ट किंवा गिअरबॉक्स अडकल्याचा संशय घ्यावा. ते अडखळत, हळूहळू विझत गेले, तर इंधनाकडे पाहावे. दुसरी खूण दिशेची आहे. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही गिअरमध्ये इंजिन बंद पडत असेल, तर दोष इंधनात किंवा शाफ्ट-पंख्यात असण्याची शक्यता अधिक. एकाच दिशेत बंद पडत असेल, तर गिअरबॉक्स व गिअरची केबल कारागिराकडून तपासून घ्यावी.

भाराची तपासणी करताना प्रथम इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. त्याशिवाय पंख्याजवळ कोणीही जाऊ नये. पंख्याला दोर, जाळ्याचा तुकडा किंवा प्लास्टिक गुंडाळले आहे का, ते पाहावे. समुद्रात उसळी असताना पंखा मोकळा करण्यासाठी पाण्यात उतरणे अत्यंत धोक्याचे आहे. त्यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो जड जात असेल, तर पाणी थांबवण्यासाठी ग्लँड अवाजवी आवळला गेला आहे का, हे बघावे. लाकडी नौका किनाऱ्यावर असताना आणि पाण्यात असताना तिच्या तळाचा आकार किंचित बदलतो. त्यामुळे इंजिन व शाफ्ट एका रेषेत आहेत की नाही, हे नौका पाण्यात उतरवून काही काळ गेल्यावर तपासावे. पंखा नवा बसवला असेल, तर त्याचे माप इंजिनास पेलणारे आहे का, याचीही खात्री करावी.

शाफ्ट मोकळा फिरत असेल, तर इंधनाकडे वळावे. दोन महिने अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील बाष्पाचे पाणी होते. डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते आणि पुढे फिल्टरपर्यंत पोहोचते. फिल्टरच्या तळाचे थोडे इंधन पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवावे. पाणी असल्यास खाली वेगळा थर दिसतो. फिल्टर जुना असल्यास बदलावा आणि नळीत शिरलेली हवा बुडबुडे थांबेपर्यंत काढून टाकावी. टाकीची हवा येण्याची नळी तुंबली, तर इंजिन काही वेळ चालून थांबते. झाकण सैल केल्यावर ते नीट चालले, तर दोष तेथेच आहे असे समजावे. इतके करूनही उलगडा न झाल्यास वेगळ्या डब्यातील स्वच्छ डिझेलवर इंजिन चालवून पाहावे. तसे ते गिअरमध्ये टिकले, तर दोष टाकी, नळ्या किंवा फिल्टर यांतच आहे.

लहान होड्यांच्या पेट्रोल आउटबोर्डमध्ये बहुधा कार्ब्युरेटरचे बारीक छिद्र जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेले असते किंवा स्पार्क प्लग खराब झालेला असतो. असे इंजिन किनाऱ्यावर पाण्याची नळी जोडून तपासले, तर पंख्यावर पाण्याचा भार नसल्याने दोष दिसून येत नाही. खरी परीक्षा पाण्यातच होते.

तेव्हा हंगामाच्या पहिल्या फेरीपूर्वी नौका धक्क्याला मजबूत दोरांनी बांधावी, पंख्याजवळ कोणी नाही याची खात्री करावी आणि मंद गतीवर पुढचा व मागचा गिअर आळीपाळीने टाकून पाहावा. या परीक्षेत इंजिन बंद पडले, तर कारण सापडेपर्यंत नौका बाहेर काढू नये. खोल समुद्रात असे घडल्यास प्रथम नांगर टाकावा, सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे आणि मगच इंजिनाकडे वळावे. मदतीसाठी व्हीएचएफ संचावर १६ क्रमांकाचे चॅनेल व भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. हे दोन्ही आकडे केबिनमध्ये ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत आणि नव्या खलाशालाही ते पाठ असावेत.