बुलेटचा सूर बिघडतो तेव्हा

मोटारसायकलचा सायलेन्सर बदलला की आवाज बदलतो, हे गल्लीतल्या लहान पोरालाही कळतं. त्याबरोबर इंजिनाचं खाणंपिणंही बदलतं, हे मात्र पुष्कळदा गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक नसतं. मला ते पन्नाशी ओलांडल्यावर कळलं, आणि तेही एक पिस्टन वाया गेल्यानंतर.

माझ्या थोरल्या भावाची बुलेट होती. १९८९ची, साडेतीनशे सीसीची. मद्रासच्या एन्फिल्ड इंडियानं १९५५पासून जे इंजिन फारसा बदल न करता वर्षानुवर्षं बनवलं, तेच हे. एकच सिलिंडर, तोही बिडाचा. ताकद जेमतेम अठरा हॉर्सपॉवर. भाऊ २०२१ साली गेला आणि गाडी पुतण्याकडे आली. त्यानं दोन वर्षं ती पुसूनपासून ठेवली आणि मग तरुण मुलं करतात तेच केलं. मूळचा लांब सायलेन्सर काढून आखूड, मोकळा बसवला. एअर फिल्टरचा डबा काढून कार्बोरेटरच्या तोंडावर थेट शंकूच्या आकाराचा छोटा फिल्टर लावला. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ‘बसवा आणि पळवा.’ पुतण्या म्हणाला, “चाचा, आवाज ऐका.” मी ऐकला. खरं सांगतो, मलाही आवडला.

पंधरा दिवसांनी तो मिरजेहून कराडला निघाला. पेठ नाका ओलांडून हमरस्त्याला लागल्यावर त्यानं गाडी ताणली. गाडी त्या दिवशी कधी नव्हे इतकी हलकी, चपळ वाटत होती, असं तो नंतर म्हणाला. पाचएक मैलांवर इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि गाडी घसरत गेली. मागून ट्रक येत होता. पोरानं प्रसंगावधान राखून क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली, म्हणून आज मी हे शांतपणे सांगतो आहे.

गाडी टेम्पोतून मिरजेला आणली. आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींनी इंजिन उघडण्याआधी प्लग काढून माझ्या हातात दिला. खडूसारखा पांढरा. “भाई, उपाशी मारलंय इंजिनाला,” ते म्हणाले. आत पिस्टनवर उभे ओरखडे, कड वितळल्यासारखी.

पेट्रोल कमी पडलं तर इंजिन गरम कसं होईल, असा प्रश्न माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या माणसाला पडणारच. म्हणून आधी कार्बोरेटर काय करतो ते पाहू.

पिस्टन खाली उतरतो तेव्हा हवा ओढतो. ती कार्बोरेटरच्या नळीतून जाते. नळी मध्ये अरुंद असते. तिथं हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. खालच्या वाटीत पेट्रोल असतं आणि त्यावर बाहेरच्या हवेचा पुरा दाब असतो. वर दाब कमी, खाली जास्त. म्हणून पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ढकललं जातं आणि हवेत मिसळतं. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला वजनानं साधारण पंधरापट हवा लागते. आकारमानानं सांगायचं तर एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा. आपण गाडीला पेट्रोल पाजतो असं म्हणतो, पण ती जगते मुख्यतः हवेवर.

आता फिल्टरचा डबा काढला की काय होतं? लोक म्हणतात, हवा जास्त जाते आणि पेट्रोल तेवढंच राहतं. हे अर्धंच खरं आहे. हवा जास्त गेली तर तिच्याबरोबर पेट्रोलही जास्त ओढलं जातं, कार्बोरेटर असतोच त्यासाठी. खरी गोम वेगळी आहे. डब्यातून येताना हवेला अडथळा होतो, म्हणून कार्बोरेटरच्या तोंडाशीच दाब थोडा कमी असतो. वाटीवर मात्र बाहेरचा पूर्ण दाब. कारखान्यानं जेटचं भोक हा फरक धरूनच ठरवलेलं असतं. डबा गेला की तोंडाशी दाब वाढतो, फरक घटतो आणि हवेच्या मानानं पेट्रोल कमी चढतं. मोकळ्या सायलेन्सरमुळे जळलेला वायू लवकर बाहेर पडतो आणि ताजी हवा जास्त आत येते, पण तीही इंजिनाच्या प्रत्येक वेगाला सारख्या प्रमाणात नाही. म्हणजे कुठं मिश्रण फार पातळ, कुठं थोडं, कुठं ठीक, असा सगळा घोळ होतो.

पातळ मिश्रण सावकाश जळतं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला तरी आत जाळ शिल्लक असतो. शिवाय, वाफ होताना पेट्रोल जो गारवा देतं, तोही कमी होतो. बिडाचं सिलिंडर, वाऱ्यावर थंड होणारं. ते किती सोसणार? आणि यातली फसवी गोष्ट अशी की किंचित पातळ मिश्रणावर गाडी सुरुवातीला तरतरीत वाटते. दाट मिश्रणाची गाडी काळा धूर सोडते, पेट्रोलचा वास येतो, ती जड चालते. तिची तक्रार सगळ्यांना ऐकू जाते. पातळ मिश्रणाची गाडी मरेपर्यंत बरी वाटू शकते. खुणा असतात, पण लक्ष द्यावं लागतं. गिअरवर असताना रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात. इंजिन तापल्यावर आयडलिंग वरखाली होतं. रेस एकदम पिळली की गाडी क्षणभर अडखळते, आणि चोक थोडा ओढला तर उलट सुधारते. पुतण्याच्या गाडीत फटाके फुटत होतेच. आम्हाला ती मर्दानी गाडीची ऐट वाटली.

इंजिन बांधून झाल्यावर आम्ही दोन रविवार सेटिंगला दिले. मिस्त्रींची अट होती की आधी बाकीचं नीट हवं. टॅपेट, पॉइंट, टायमिंग, वाटीतली पेट्रोलची पातळी, आणि कार्बोरेटर ते इंजिन या सांध्यातून कुठं हवा चोरून आत येत नाही ना. सांधा हवा खात असेल तर जगातला कुठलाही जेट उपयोगाचा नाही.

मग त्यांनी रेसच्या मुठीवर पांढरी पट्टी चिकटवून पेनानं चार खुणा केल्या. पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. कार्बोरेटर म्हणजे एक यंत्र नव्हे, हे मला तिथं समजलं. रेस जवळजवळ बंद असताना पायलट जेट पेट्रोल देतो. पावच्या आसपास वरखाली होणाऱ्या स्लाइडची तिरकी कापलेली कड ठरवते. पावपासून पाऊणपर्यंत निमुळत्या सुईचं राज्य. त्यापुढे मेन जेट. त्यामुळे ‘गाडी मिसिंग मारते’ एवढं सांगून भागत नाही. मूठ कुठल्या खुणेवर असताना मारते, ते सांगायला हवं.

आधी मेन जेट, कारण जीव तिथं जातो. गाडीवरच्या मिककार्बमध्ये ९०चा जेट होता. आकडा मोठा तसं भोक मोठं. मिस्त्रींनी थेट ११०चा लावला. मी म्हटलं, “एवढा?” ते म्हणाले, “दाट बाजूनं खाली यायचं, भाई. पातळ बाजूनं वर चढताना पुन्हा पिस्टन जाईल.” पहाटे म्हैसाळच्या रस्त्यावर पुतण्यानं गाडी टॉपमध्ये पूर्ण पिळली. ती जड झाली, भकभकली. १०५वर मोकळी पळाली. १००वर आणखी चांगली वाटली, पण पूर्ण रेसवरून मूठ जराशी मागे घेतली की गाडी उलट पुढे झेपावत होती. म्हणजे पूर्ण रेसवर पेट्रोल अपुरं. पुन्हा १०५. मग पूर्ण वेगात क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचं, गाडी कडेला घ्यायची आणि प्लग पाहायचा. कारण हळू चालवत परत आणलं तर प्लगवर हळू चालण्याचा रंग दिसतो. आमचा प्लग फिकट विटकरी निघाला. जुनी माणसं चॉकलेटी रंग हवा म्हणतात, पण तो शिशाच्या पेट्रोलचा काळ होता. २००० साली देशभर शिसं बंद झालं, आणि आजच्या पेट्रोलवर तितका गडद रंग पाहत बसलात तर गाडी दाट करून ठेवाल.

सुईला वरच्या टोकाशी खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. आपण गावात, रस्त्यावर बहुतेक वेळ सुईवरच चालतो, म्हणून अर्धा दिवस इथंच गेला. एका वेळी एकच बदल, हा मिस्त्रींचा नियम. शेरात दोन शब्द एकदम बदलले तर नेमका कशानं बिघडला ते कळत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे मी तरी कुरकुर केली नाही. पुतण्यानं केली.

शेवटी बाजूचा हवेचा स्क्रू. या कार्बोरेटरवर तो आत फिरवला की हवा घटते, मिश्रण दाट होतं. दुसऱ्या काही कार्बोरेटरांवर तोच स्क्रू पेट्रोलचा असतो आणि उलटं होतं. हे न पाहता फिरवणारे कारागीर मी पाहिलेत. तो पूर्ण बसवून दीड फेरा उघडायचा आणि तिथून मागेपुढे करत इंजिन सर्वांत समाधानानं कुठं फिरतं ते ऐकायचं. जवळजवळ पूर्ण आत नेल्यावरच बरं वाटत असेल तर पायलट जेट लहान पडतो आहे. अडीच फेऱ्यांच्या बाहेर बरं वाटत असेल तर तो मोठा आहे. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोड्यावर तारेखालचा दोरा केसभर सरकवतात आणि मान वाकडी करून ऐकतात. मिस्त्रींची मान तशीच वाकडी झाली होती.

इतकं करून मिळालं काय? चढावर थोडी ओढ, वरच्या वेगाला थोडा मोकळेपणा. अठराचे काही पंचवीस हॉर्सपॉवर होत नाहीत. आणि ऊसवाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावरची धूळ त्या छोट्या फिल्टरमधून किती आत जाते, याचा हिशेब सिलिंडर उघडल्यावरच लागतो. माझं मत मी पुतण्याला दिलं, त्यानं ऐकून घेतलं.

२०२५ साली त्याचा त्यानंच निर्णय फिरवला. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं त्यानं पाहिली होती; शिवाय घरात तान्हं मूल आलं होतं. माळ्यावरचा जुना सायलेन्सर आणि फिल्टरचा डबा खाली उतरवून त्यानं स्वतःच बसवले. आठवड्यात गाडी काळा धूर सोडू लागली, प्लग काजळीनं भरला. मेन जेट अजून १०५चाच होता.

मिस्त्रींनी खिळ्यांच्या डब्यातून कागदाची पुडी काढली. त्यात भावाच्या गाडीचा ९०चा जेट जपून ठेवला होता. तो लावला, सुई जुन्या खाचेवर आणली. गाडी चालली, पण रेस सोडली की बारीक फटाका येतच होता. एक्झॉस्टचा सांधा घट्ट होता. तेव्हा त्यांनी पंपावरच्या पेट्रोलकडे बोट दाखवलं. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणजे ते आपली थोडी हवा बरोबर घेऊनच येतं, आणि १९८९च्या जेटला हे मिश्रण पातळ पडतं. जुन्या रबरी नळ्याही त्यानं लवकर खराब होतात. त्या आम्ही बदलल्या.

९०चा पुन्हा पुडीत गेला आणि ९५चा बसला. पुडीवर मिस्त्रींनी पेन्सिलीनं भावाचं नाव लिहून ठेवलं आहे.