हिरड्यांचा आजार कशामुळे होतो? आणि 'कशामुळे' म्हणजे नेमकं काय?

हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेलात, तर एका वाक्यात उत्तर मिळतं: दात नीट घासत नाही, थर साचलाय. उत्तर चूक नाही. पण पीएचडीच्या मुलाखतीत कुणी या आजाराचं कारण विचारलं आणि तुम्ही एवढंच सांगून थांबलात, तर पुढच्या प्रश्नाला अडकाल.

आधी १९६५ चा प्रयोग बघू. डेन्मार्कमध्ये आरहूसला हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना (बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच) दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं, तर साधारण आठवड्याभरात पूर्ववत! फक्त १२ माणसं, वेगळा कंट्रोल ग्रुपही नाही. तरी हा प्रयोग आजही शिकवतात, कारण थर साचू दिला की सूज येते आणि काढला की जाते, हे दोन्ही त्याच माणसांत दिसलं. नमुना लहान म्हणजे अभ्यास कच्चा, असं सरसकट म्हणणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनी हा पेपर जरूर वाचावा.

पण हिरडी सुजणं, म्हणजे जिंजिव्हायटिस, हा पहिला टप्पा. तो मागे फिरतो. दाताभोवतीचं हाड झिजायला लागलं की तो पेरिओडोंटायटिस, लोकांच्या भाषेत पायोरिया. गेलेलं हाड कितीही घासलं तरी परत येत नाही. मग पहिल्याचं जे कारण तेच दुसऱ्याचंही, असं धरून चालायचं का?

याचं उत्तर लो यांच्याच दुसऱ्या अभ्यासात आहे. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० पुरुष कामगारांची १९७० पासून १५ वर्षं तपासणी झाली. हे लोक दात घासत नव्हते, त्यामुळे थर आणि सूज जवळजवळ सगळ्यांनाच. तरी ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत सुजेच्या पुढे गेलाच नाही. झपाट्याच्या गटात पंचेचाळिशीपर्यंत सगळे दात पडले. शेवटच्या तपासणीला मूळ गटातले १६१ जणच उरले होते, तेव्हा या टक्क्यांकडे थोडं सावधपणे बघा. शिवाय दात जाताना १५ वर्षं नुसतं मोजत राहायचं, या योजनेला आजची एथिक्स कमिटी सहज मंजुरी देईल असं मला वाटत नाही.

म्हणजे थर आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. सिनॉप्सिस लिहिताना 'आवश्यक कारण' आणि 'पुरेसं कारण' हे दोन शब्द वेगळे ठेवा.

मग फरक कुठून येतो? एखाद्या खास जंतूमुळे? पोर्फिरोमोनास जिंजिवालिस हा बरीच वर्षं मुख्य संशयित होता. २०११ मध्ये जॉर्ज हाजिशेंगालिस यांच्या गटाने उंदरांवर काम केलं. हा जंतू अगदी कमी संख्येने तोंडात गेला तरी हाड झिजलं. पण ज्या उंदरांच्या अंगात मुळात कुठलेच जंतू नव्हते, त्यांच्यात तो एकटा काहीच करू शकला नाही. तो आपली प्रतिकारयंत्रणा बिघडवतो आणि मग तोंडातले नेहमीचे जंतूच माजतात. हाडाचं नुकसानही बरंचसं आपल्याच शरीराच्या दाहामुळे होतं. हाड खाणाऱ्या पेशी आपल्याच असतात. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि तंबाखू यांनी धोका वाढतो तो याच पायरीवर.

तंबाखूवरून एक सांगायचंय, विशेषतः फील्डवर्क करणाऱ्यांना. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, आजार असला तरी. फक्त रक्तस्राव मोजलात तर हे लोक निरोगी दिसतील. आणि आपल्याकडे मिश्री आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड अनेक बाया दात घासायची म्हणूनच बोटाने लावतात. तुमच्या प्रश्नावलीत 'दिवसातून किती वेळा दात घासता?' एवढंच असेल, तर मिश्रीवाली मावशी खरंखुरं सांगेल, "चार वेळा." आणि तुमच्या तक्त्यात ती सगळ्यात जास्त काळजी घेणाऱ्यांत मोजली जाईल. कशाने घासता, हा रकाना पायलटच्या आधीच घाला.